चित्राचा भाव आणि चित्रावरचं नाव

(जबलपूरच्या महाराजपूरमध्ये पदवीधर मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



तुमच्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही तसाच. टॅबलेटवर चित्रं काढून माझं घर चालतं. या धंद्यात जे शिकलो, तेवढंच सांगतो.

आपल्याकडे भांडवल नाही, हे खरं. पण त्याहून मोठी उणीव ओळखीची असते. ज्याचा काका व्यापारी, त्याला दर, उधारी, करार जेवता जेवता कळतात. आपल्याला ते कागद वाचून शिकावं लागतं. बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचं काम सुरू केलं, तेव्हा जात कळताच गिऱ्हाईकं निघून गेली. 1920 साली पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. आज तो छापखाना आपल्या खिशात आहे, पण मालकी आपोआप मिळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, लिखापढी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा असतो. पण कुणी पैसे देऊन चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक गिऱ्हाईक. सावित्रीमाईंचं तुम्ही काढलेलं पोर्ट्रेट उद्या हजार टी-शर्टवर छापलं, तरी तुमचा हात रिकामा. मालकी कुणाची, वापर कशासाठी, किती काळ, हे आधी लिहून घ्या. गिऱ्हाईकाची सही आल्यावरच काम सुरू करा.

दुसरी, वसुली. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे, करार काहीही असो, 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एका कंपनीने माझं बिल चार महिने अडवलं होतं. ही कलमं लिहून पत्र पाठवलं आणि आठवड्यात पैसे आले.

तिसरी गोष्ट आपल्याच माणसांची. 14 एप्रिल जवळ आला की फोन येतात, “समाजाचं काम आहे, पोस्टर करून दे.” मी करतो, पण बिल देतो. त्यात पूर्ण दर लिहितो आणि खाली ‘समाजासाठी सूट’ म्हणून तेवढीच रक्कम वजा करतो. मंडपवाल्याला आणि डीजेवाल्याला पैसे मिळतात, मग चित्रकाराच्या श्रमाचीही किंमत आहे, हे कागदावर दिसू दे. श्रम फुकट घेणं हीच तर जातीची जुनी रीत.

शेवटची, नाव. आपल्या शेजारच्या मंडला भागातल्या परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं चरित्र चित्रांत मांडलं. 2011 च्या ‘भीमायन’वर त्यांची नावं आहेत. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. कॉपीराइट विकला तरी ‘हे चित्र माझं’ म्हणण्याचा हक्क कायद्याने चित्रकाराकडेच राहतो. तो सोडू नका.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या तासाचा दर ठरवा आणि तो मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. दहाव्यांदा नाही.

जय भीम.