गुलाबाची फांदी वाकवताना

मावळातल्या एखाद्या पॉलिहाउसात डोकावलात, तर गुलाबाच्या गादीवाफ्यांच्या कडेला फांद्या वाटेकडे वाकून पडलेल्या दिसतील. वाऱ्यानं मोडलेल्या नाहीत हं, मुद्दाम वाकवलेल्या. शेतकरी याला ‘बेंडिंग’च म्हणतात.

फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यातल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. म्हणून झाड नुसतं उंच जातं. शेंडा खाली आणला की हा दाब सैल होतो आणि बुंध्याजवळचे डोळे फुटू लागतात. मग सरळ छाटणीच का करू नये? छाटलं की पानंही जातात. वाकवलेल्या फांदीची पानं मात्र झाडासाठी अन्न तयार करत राहतात. मला खरी हुशारी इथंच दिसते.

घरच्या कुंडीतही हे जमतं. हिरवी, लवचीक फांदी निवडा. जून फांदी कडकन मोडते. सकाळी फांदी पाण्यानं ताठ असते, म्हणून दुपार कलल्यावर हात घाला. टोकाची कळी आधी खुडा. एका हातानं बुडाशी आधार देत दुसऱ्यानं फांदी हळूहळू आडवी करा आणि सुतळीनं कुंडीच्या काठाला सैलसर बांधा. सालीला बारीकशी चीर गेली, तरी घाबरू नका.

काही दिवसांनी बुंध्याशी लालसर कोंब दिसतील. फक्त कलमाच्या सांध्याखालून आलेला कोंब ठेवू नका. तो खालच्या खुंटाचा, म्हणजे रानगुलाबाचा असतो.