भात कमी केल्यावर भाजी किती खावी?

(आपल्या मंडळाच्या चिचगड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपण सारे धानाच्या मुलखातले. आपल्या पंक्तीत भात वाढला नाही तर पाहुणा जेवला असे आपण मानीतच नाही. अशा घरी मधुमेह शिरला आणि डॉक्टरांनी भात कमी करावयास सांगितले, म्हणजे ताटात वाढावे काय, हा प्रश्न उभा राहतो. आमच्यावर तो प्रसंग आला तेव्हा आम्ही भातासमवेत भाजीचेही माप धरू लागलो. ती चूक होती.

हिशेब पाहावा. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. दोन्ही वेळा तीन-तीनशे ग्रॅम भात खाल्ला की १६८ ग्रॅम झाली. आणि अल्पकर्बोदक आहार म्हणतात तो साधारणतः दिवसास १३० ग्रॅमच्या आतला. उलट पालक, दोडका, दुधी, कोबी यांच्या शंभर ग्रॅमांत ती अवघी तीन ते सहा ग्रॅम. अशी चारशे ग्रॅम भाजी पोटात गेली तरी शंभर ग्रॅम भाताची बरोबरी होत नाही!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही दिवसास चारशे ग्रॅम भाजीचेच माप आहे, व त्यात बटाटा धरलेला नाही. आता आपला बाजार आठवा. आपण पावभर भाजी आणतो आणि तीत चौघांचे जेवण उरकतो. या मापाने चौघांना दीड किलोहून अधिक लागेल. पावसाच्या आरंभी तरोट्याची कोवळी पाने, पुढे काटवल, ही तर आपल्या रानाचीच देणगी; तिला गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

आलू व रताळी मात्र नावाचीच भाजी. त्यांचे खाते भाताबरोबर मांडावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आम्ही साखरेची गोळी पूर्वीइतकीच घेत राहिलो आणि डॉक्टरांस न विचारता भात निम्म्यावर आणला. एका दुपारी हातपाय कापू लागले, दरदरून घाम सुटला. घरच्यांनी साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधाचे माप ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही पालेभाजी वाढविण्याआधी विचारावे.

इतकी भाजी निवडायची कोणी, असा प्रश्न मघाशी एका भगिनीने केला. प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी आता सायंकाळी अंबाडी निवडावयास आम्हीच ओसरीवर बसतो.