निकालाआधीचा निकाल

श्रोतेहो, फुटबॉलच्या मैदानावर खेळाडूंच्या नावाचे फलक लागतात, प्रशिक्षकांच्या नावाचे लागतात. वकिलाच्या नावाचा फलक लागलेला तुम्ही कधी ऐकलाय का? 12 फेब्रुवारी 2023 रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात तो लागला. मँचेस्टर सिटी आणि अ‍ॅस्टन व्हिला यांचा सामना होता. सिटीच्या पाठीराख्यांनी धरलेल्या फलकावर लॉर्ड डेव्हिड पॅनिक या नामवंत वकिलांचं नाव होतं. मँचेस्टरच्याच एका बँडच्या जुन्या गाण्यात ‘पॅनिक’, म्हणजे घबराट, हा शब्द येतो. त्या जागी वकीलसाहेबांचं आडनाव बसवून केलेली ती कोटी होती. मी कविता लिहिणारा माणूस, मला ती आवडली. पण कोटीमागची चीड खरी होती.

झालं होतं असं. सहाच दिवस आधी, 6 फेब्रुवारीला, प्रीमियर लीगनं या क्लबवर नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. 2009 पासून पुढच्या अनेक मोसमांतली आर्थिक माहिती खरी दिली नाही, प्रायोजकांकडून आलेला पैसा आणि दिलेलं मानधन यांचा तपशील नीट दिला नाही, चौकशीला सहकार्य केलं नाही, असे ते आरोप. क्लबनं ते फेटाळले. प्रकरण स्वतंत्र आयोगाकडे गेलं. सप्टेंबर ते डिसेंबर 2024 या काळात लंडनमध्ये त्याची बंद दाराआड सुनावणी झाली. वर्तमानपत्रांनी आरोप मोजून 115 हा आकडा काढला आणि तो आकडाच त्या क्लबचं टोपणनाव होऊन बसला. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी त्याच आठवड्यात पत्रकारांना सांगितलं, की आम्हाला आधीच दोषी ठरवून टाकलंय.

पाठीराख्यांचं म्हणणंही तेच. त्यांचा इतिहास थोडा समजून घेतला पाहिजे. 2008 मध्ये अबू धाबीचे शेख मन्सूर यांच्या समूहानं हा क्लब घेतला आणि पुढं तो श्रीमंत झाला, जिंकू लागला. पण त्याआधी, 1998-99 च्या मोसमात, हाच क्लब तिसऱ्या पातळीवर घसरला होता. मे 1999 मध्ये वेंब्लीवर जिलिंगहॅमविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेला हा संघ अगदी शेवटच्या मिनिटांत बरोबरीला आला आणि पेनल्टींवर जिंकून वरच्या पातळीवर गेला. त्या दिवशी मैदानात असलेला माणूस आज साठीला आला असेल. त्याला वाटतं, माझं आयुष्यभराचं प्रेम वर्तमानपत्रं तेलाच्या पैशात मोजतात. त्याला राग येणारच.

आता या गोष्टीतला एक बारकावा सांगतो. 2018 मध्ये ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकानं क्लबचे फुटलेले ईमेल छापले. त्यातून युरोपच्या फुटबॉल संघटनेची, म्हणजे ‘युएफा’ची चौकशी झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये दोन मोसमांची बंदी आणि तीन कोटी युरोंचा दंड झाला. क्लब स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला. 13 जुलै 2020 रोजी लवादानं बंदी उठवली आणि दंड एक कोटीवर आणला. तो दंड राहिला चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल. आणि आरोपांचं काय? काही सिद्ध झाले नाहीत. काही पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेलेले निघाले, म्हणून त्यांच्यावर निर्णयच दिला गेला नाही.

या एकाच निकालाचं वाचन दोन प्रकारे झालं. सिटीच्या माणसांनी वाचलं, ‘निर्दोष’. विरोधकांनी वाचलं, ‘मुदतीमुळे सुटले’. दोघांनीही अर्धं वाक्य उचललं होतं. उरलेलं अर्धं वाक्य कुणालाच नको होतं.

पनवेलला राहणारा माझा भाचा या क्लबचा भक्त आहे. 2019 मध्ये त्याच समूहानं मुंबई सिटी क्लबमध्ये मोठा हिस्सा घेतला, तेव्हापासून त्याच्या अंगावर आकाशी रंग आला तो उतरलाच नाही. सिटीविरुद्ध बातमी आली की तो मला फोन करतो. “मामू, हे पेपरवाले आमच्या मागेच लागलेत.” एकदा मी त्याला म्हटलं, “अरे, चौकशी झाली म्हणजे बातमी येणारच. तू इतका का चिडतोस?” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मामू, आपल्या मोहल्ल्याची बातमी आली होती, तेव्हा तुम्ही चिडला नव्हता?”

मी चिडलो होतो. बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला चौकशीला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मोठा मथळा, त्यात ‘संशयित’ हा शब्दसुद्धा नव्हता. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी परत आला. त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची. त्याच्या अम्मीनं त्या चार ओळी कापून कुराणशरीफच्या कपाटात जपून ठेवल्या. मथळ्यानं गेलेलं त्या चार ओळींनी परत आलं नाही. मुलाची नोकरी गेली, ती गेलीच.

म्हणून मँचेस्टरच्या त्या साठीतल्या माणसाचं दुखणं मला परकं वाटत नाही. आरोप आणि गुन्हा या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्यातच माणसाची अब्रू राहते. ते अंतर मथळ्यासाठी पुसणं हा अन्याय आहे.

पण इथं थांबलो तर मीही अर्धंच वाक्य वाचल्यासारखं होईल. पहिली गोष्ट, आमच्या गल्लीतल्या मुलाकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते. सिटीकडे देशातले नामांकित वकील होते. दोघांची जखम सारखी म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट सांगायला जास्त अवघड आहे. त्या मथळ्यानंतर आम्ही त्या वर्तमानपत्राचं काहीच खरं मानेनासे झालो. वर्षभरानं त्यानंच आमच्या वस्तीतल्या एका संस्थेच्या हिशेबातला घोळ छापला. आम्ही सगळे म्हणालो, “हे आपल्या विरोधातच लिहिणार.” मीही म्हणालो. पुढं घोळ खरा निघाला. पैसे गेले होते आमच्याच पोरांच्या फीचे. आम्ही वेळेवर विचारलं असतं तर काही वाचले असते.

श्रोतेहो, अपमान झालेला माणूस वाईट वाचक होतो. आपल्या बाजूचं तेवढं खरं, ही सवय त्याला लागते. आणि त्याचा फायदा कुणाला होतो? ज्याला हिशेब द्यायचा असतो, त्याला. पाठीराखे वर्तमानपत्रांशी भांडत राहिले, की मालकाला प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

प्रेम ठेवून प्रश्न विचारता येतात. एप्रिल 2025 मध्ये सिटीच्याच काही प्रेक्षक संघटनांनी तिकिटांच्या प्रश्नावरून सामन्याची पहिली नऊ मिनिटं आत न जाण्याचं आवाहन केलं होतं. क्लबसाठी घसा फोडणारी हीच माणसं. त्यांना कुणी गद्दार म्हणावं असं मला वाटत नाही.

भाच्याला मी विचारलं, “2020 चा तो निकाल तू वाचलास का?” नव्हता वाचला. त्याच्याशी रोज वाद घालणाऱ्या मित्रानंही वाचला नव्हता. नव्वदहून अधिक पानांचा निकाल, इंग्रजीत. मग आम्ही ठरवलं, रविवारी थोडा थोडा वाचायचा. माझं बी. ए.चं इंग्रजी आणि शेजारी शब्दकोश. पुराव्याअभावी आरोप टिकला नाही तिथं तो खुश व्हायचा, “बघा मामू!” मग मुदतीबाहेरच्या आरोपांचा भाग आला. तिथं तो थांबला. पुन्हा एकदा वाचला. म्हणाला, “म्हणजे इथं खरंखोटं कुणी तपासलंच नाही.”

“नाही,” मी म्हणालो.

अंगावर आकाशी शर्ट तसाच होता. त्यानं पान उलटलं आणि म्हणाला, “पुढं वाचू या.”