धर्म पारखून घ्यावा



माणसानें जन्मभर कोणत्या धोरणानें वागावें, हें ज्याचें त्यानें कसें ठरवावें, याविषयीं चार शब्द बोलण्यास आपण मला उभें केलें आहे. आपल्या घरांतून हा प्रश्न फारसा कोणी विचारीतच नाहीं. मुहूर्त दुसरा सांगतो, मुलाचें नांव दुसरा काढून देतो, आणि मेलेला बाप कोठें गेला हेंही दक्षिणा घेऊन दुसराच सांगतो. बियाणें मात्र कुणबी कोणाच्या शब्दावर घेत नाहीं. दाणा दांताखालीं फोडून पाहतो. मग धर्मच तेवढा डोळे मिटून कां घ्यावा?

जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला तो याच सवालावर. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. त्याच सालच्या २५ डिसेंबरास समाजाचें पहिलें लग्न भटाविना लागलें. आभाळ कांहीं कोसळलें नाहीं.

मला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. १८८८ सालीं अर्धांगवायूनें जोतीरावांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलें. तें त्यांच्या पश्चात १८९१ सालीं छापून निघालें. त्यांत एका कुटुंबाची कल्पना आहे. बाईनें बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध व्हावें, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीनें कुराण वाचून मुसलमान, मुलानें सत्यधर्मी. आणि सर्वांनीं एका घरांत प्रेमानें नांदावें.

कोणी म्हणतील, चार धर्म म्हणजे चार चुली! पण मेख निराळीच आहे. तेथें जो तो वाचून ठरवितो. बाईचा धर्म नवऱ्यानें ठरविला नाहीं, मुलीचा बापानें नाहीं. जिला अक्षर येत नाहीं तिचा धर्म आधीं बापाचा, मग नवऱ्याचा. तिचा स्वतःचा असा कोठला? मुलीला शाळेंतून काढून खुरपणीला नेऊं नका म्हणून मास्तर दारोदार फिरतो, तो केवळ हजेरीचा आंकडा भरण्यासाठीं नव्हे.

आतां आपल्यांतलेंही बोलूं. भट नको म्हणणें सोपें, त्यांत पैसा वांचतो. परंतु पाणवठ्याची गोष्ट निघाली कीं आपलीच जीभ अडखळते. जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला तो १८६८ सालीं, म्हणजे समाज निघण्याच्या पांच वर्षें आधीं. वागणूक आधीं आली, पुस्तक मागाहून आलें. गवंडी ओळंबा सोडून भिंत पाहतो. भिंत कलली तर ओळंब्याला शिव्या देत नाहीं, थर उतरवतो. त्या पुस्तकांत सत्यवर्तनाचीं ३३ कलमें आहेत, तीं अशीच आपल्या दिवसाला लावून पाहण्यासाठीं.

पुस्तक शाळेंत ठेविलें आहे. शनिवारीं दिवेलागणीनंतर एकेक कलम वाचूं. अक्षरओळख नसलेल्यांनीं ऐकावें, आणि पटणार नाहीं तेथें मला थांबवावें. बायांनीं मागें दाराशीं बसूं नये.