खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीच्या दिवशी जुन्या घराण्यांतून देव्हाऱ्यासमोर शस्त्रे मांडली जातात. तलवारीला व कट्यारीला गंधफूल वाहिले जाते आणि माळ्यावरून उतरविलेली एखादी लांबलचक बंदूकही त्यांच्या शेजारी येऊन बसते. तिच्यावर झेंडूची माळ चढते न चढते तोच घरातील एखादा उत्साही तरुण विचारतो, ‘‘एक बार काढून पाहू या का?’’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

बऱ्हाणपूरच्या भूमीला याचे उत्तर ठाऊक आहे. तेथून सुमारे २० किलोमीटरवर असलेला असीरगड म्हणजे दक्षिणेचा दरवाजा. अकबराने तो १६०१ मध्ये घेतला आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये तो शिंद्यांच्या किल्लेदाराकडून इंग्रजांच्या हाती गेला. त्या अखेरच्या वेढ्यात इंग्रजांचाच दारूचा साठा अकस्मात पेटला व त्यांचेच शिपाई प्राणास मुकले. दारूला आपपर भाव नसतो. शिवाय तिला म्हातारपणही लवकर येत नाही. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते.

म्हणून ठासणीची जुनी बंदूक भरलेलीच आहे, असे धरून चालावे. नळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. त्याचे टोक कान्यापर्यंत न पोहोचता चार बोटे अलीकडेच थांबले, तर आत कोणा पूर्वजाने ठासलेला बार तसाच असण्याचा संभव आहे. तो घरी उकरण्याचे साहस करू नये, पोलिसांना कळवावे.

परदेशांत हौशी मंडळी अशा बंदुका आजही झाडतात. परंतु जाणकाराने पारखलेल्या नळीतून, मोजून घेतलेल्या काळ्या दारूने आणि नेमबाजीच्या मैदानावर. आजच्या धूररहित दारूचा दाब जुन्या लोखंडाला सोसत नाही. आतून गंजलेली नळी फुटली, तर पहिला घाव झाडणाराच्या हातावर व डोळ्यांवर बसतो.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळे सोडले. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा असा भेद करीत नाही. जे जुने हत्यार दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, त्याला परवान्यातून सूट आहे. जे झाडता येण्याजोगे आहे, त्याला परवाना हवा, मग ते पणजोबांचे का असेना. परवाना नसेल, तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.

मग या बंदुकीचा उपयोग काय? तिच्या पोटात इतिहास आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीच्या नळीत वळणे घेत गेलेल्या तीन खाचा असत. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई व दूरवर नेमकी लागे. याच रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर भारतीय शिपायांसाठी सरकारने वरून तशीच दिसणारी, परंतु आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. बाहेरचे रूप एक आणि आतला विश्वास निराळा! राज्यकर्त्यांच्या मनातील भय त्या नळीत कायमचे कोरलेले आहे. किंबहुना, खाचा न कोरल्यामुळेच ते तेथे उरले आहे.

अशी बंदूक घरात असेल व ती रिकामी असल्याची जाणकाराने खात्री केली असेल, तर पुढल्या खंडेनवमीला त्या तरुणाने नळीच्या तोंडाशी आतून हलकेच बोट फिरवून पाहावे. खाचा लागल्या तर एक कथा, न लागल्या तर दुसरी. बार मात्र काढू नये. एका बाराच्या हौसेपायी ही साक्ष आणि साक्ष ऐकणारा, दोन्ही गमावण्याचे कारण नाही.