निळसर बालक आणि सव्वा महिना



नवजात बालकाचे ओठ व जीभ निळसर दिसली, की आपण दृष्ट काढतो आणि सव्वा महिना सरण्याची वाट पाहतो. हीच प्रतीक्षा घातक ठरू शकते. काही बालकांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली असते. त्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलचे डॉ. अदिब जातेने यांनी १९७५ साली यशस्वी केली. ती पहिल्या काही आठवड्यांतच होणे श्रेयस्कर. पुढे हृदयाचा डावा कप्पा दुर्बळ होतो. पालघर येथे २०१३ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत उपचारांची सोय आहे. म्हणून चिपळुणातील आजीबाईंना माझी विनंती आहे : सोयर अवश्य पाळावे, परंतु अशा बालकास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.