पायात नाणी निघाली तर

(जीर्णोद्धार समितीच्या सभेत केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतील एक साधा कारकून. माझे शिक्षण एस. एस. सी. पर्यंतचे. तरी मंदिराच्या पायाचे खोदकाम निघाले की "खाली धन निघाले तर?" असे लोक विचारतात. हल्ली हौशी तरुण धातू शोधणारी यंत्रेही आणतात. म्हणून दोन शब्द सांगतो.

आपल्या साष्टीत कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची नाणी सापडलेली आहेत. नाशिककडे जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. नहपानाचा पाडाव त्यानेच केला, याचा हा भक्कम पुरावा. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर हा पुरावा कायमचा बुडाला असता.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १ व १,००० वर पाऊण असे व्याज ठरले. कान्हेरीतही कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. आपल्या देणगीदारांची परंपरा इतकी जुनी आहे.

आता कायदा. गुप्तधनाविषयी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास काय, किती, कोठे व केव्हा सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. धनाचा मूळ धनी न निघाल्यास व वेगळा करार नसल्यास पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा आणि पाव जागामालकाचा. सरकारने धन घेतले तर धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. लपविल्यास हिस्सा जातो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कान्हेरीसारख्या संरक्षित जागी तर परवानगीवाचून खणणे हाच गुन्हा आहे.

कचेरीच्या धास्तीने गरीब मजूर नाणे मातीमोल विकतो. पण पाऊण हिस्सा त्याचाच आहे, हे मुकादमाने व समितीने ध्यानात ठेवावे. कोणी दमदाटी करून ते काढून घेऊ नये. नाणी चिंचेने घासू नयेत, मडके फोडू नये, तेवढ्या जागचे काम थांबवावे. अर्ज मी स्वतः लिहून देईन.

श्रींच्या कृपेने कार्य निर्विघ्न पार पडो, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!